दिवसा राम, रात्री कृष्ण

आमची शनिवार दुपार म्हणजे पत्ते. रमी नव्हे हो! २०११ साली निघालेला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पत्त्यांचा खेळ. यात भिडू एकमेकांना हरवत नाहीत, सगळे मिळून समोरच्या संकटांच्या पानांशी लढतात. प्रत्येकाने आपला किमान ५० पानांचा कॅट घरूनच जुळवून आणायचा. माझा भिडू नंदुरबारचा, मेंढीकोट खेळत मोठा झालेला. त्यामुळे जोडीदाराच्या हातात काय असेल हे ओळखून पान टाकायची सवय त्याला आधीपासूनच!

जोडीचे कॅट बांधताना आमचं भांडण ठरलेलं. मला जिंकायचं असतं, त्याला थीम हवी असते. पण डेन आयर्नफूटचं पान बघा. तो दमलेला नसेल तोवर टेबलावरच्या बाकी सगळ्या बुटक्यांची ताकद एकेने वाढते, अगदी भिडूच्या बुटक्यांचीसुद्धा. म्हणजे दोघांनी एकच थीम घेतली की दोघांचाही फायदा. थीम इथे नुसती चित्रात नाहीये, नियमात आहे.

आता ही कल्पना काही नवी नाही. त्यासाठी नंदुरबारहून थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीला जावं लागेल. तिथली गंजिफा तुम्ही प्रदर्शनात पाहिली असेल. गोल, लाखेचा चकचकीत हात दिलेली पानं.

गंजिफा आली इराणकडून. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. अबुल फजलनेही 'आईन-इ-अकबरी'त या खेळाचं वर्णन केलंय. मुघल गंजिफेत ८ रंग, ९६ पानं. आपल्याकडे त्याची दशावतारी झाली: १० अवतारांचे १० रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, अशी १२ पानं. एकूण १२०. तिघांत वाटली की प्रत्येकाला बरोब्बर ४०. मत्स्याच्या पानावर मासे, वामनाच्या पानावर कमंडलू, परशुरामाच्या पानावर परशू.

मंडळी, खरी गंमत पुढे आहे. दहा रंगांचे पाच-पाच असे दोन गट पडतात. दोन्हींत राजा आणि प्रधान सगळ्यात वर. पण एका गटात त्यांच्याखाली दश्शी मोठी, दुसऱ्यात एक्का मोठा! अर्धा कॅट सुलटा, अर्धा उलटा. त्यामुळे एकच आकडा कुठे भारी तर कुठे टाकाऊ ठरतो. असाच उलटा क्रम युरोपातल्या ओंब्रे आणि टॅरो या जुन्या खेळांतही सापडतो. दोन्हीकडचे पत्ते एकाच जुन्या घराण्यातले असावेत, असं म्हणायला त्यामुळे जागा आहे.

आणि डाव कोणी उघडायचा? दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याने. मुघल गंजिफेतही दिवसा सुर्ख आणि रात्री सफेद, म्हणजे सोन्याचं आणि चांदीचं नाणं. सूर्य आणि चंद्रच म्हणा ना. बाहेर अंधार पडला की त्याच पानांची किंमत बदलते. असा नियम आमच्या ५० पानांच्या कॅटात मला अजून सापडलेला नाही :)

१९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागिरांना बसवून ही मरू घातलेली कला उभी केली. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराची त्यांना साथ मिळाली. हे फार मोठं काम आहे. म्हणूनच आज नवी पानं विकत मिळतात. पण घेणारे बहुतेक जण ती भेट देतात किंवा फ्रेममध्ये लावतात.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीन वाचली, लॉजिक चाललंय. उलटा गट कोणता, डाव कोणी उघडायचा, हे पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते खेळणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबरच जातं. चित्रं कारागीर वाचवतील, नियम मात्र खेळणाऱ्यांनीच वाचवायचे.

तेव्हा कधी सावंतवाडीला गेलात आणि गंजिफा घेतलीत, तर फ्रेम करू नका. तिघं जमा, पानं वाटा. आधी फक्त खिडकीबाहेर बघून घ्या... दिवस आहे की रात्र!