उबवणीच्या अंड्यांची निवड

उबवणीच्या अंड्यांची निवड ही परसातील कुक्कुटपालनातील पहिली आणि बहुतांशी निर्णायक पायरी होय. खुडूक कोंबडीखाली किंवा घरगुती उबवणी यंत्रात ठेवायचे अंडे फलित, ताजे, मध्यम आकाराचे, अखंड कवचाचे व स्वच्छ असावे लागते. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास २१ दिवस लागतात. या काळात ऊब, ओलावा आणि अंडी फिरवणे यांची कितीही काळजी घेतली, तरी मुळात सदोष असलेले अंडे त्यामुळे सुधारत नाही.

पार्श्वभूमी

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुका गोदावरीच्या उत्तर काठाला आहे. मराठवाड्यातील अन्य तालुक्यांप्रमाणे येथेही शेतकरी व शेतमजूर कुटुंबांच्या अंगणात थोड्या गावठी कोंबड्या असतात. त्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रिया करतात आणि अंडी-कोंबड्यांच्या विक्रीचा पैसा पुष्कळदा त्यांच्याच हाती राहतो. गावठी अंड्याला बाजारात पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा अधिक भाव मिळतो. त्यामुळे उबवणीस ठेवलेले प्रत्येक अंडे म्हणजे विक्रीतून किंवा मुलांच्या ताटातून बाजूला काढलेले अंडे असते. शिवाय गावठी कोंबडी उबवणीच्या व त्यानंतर पिल्ले सांभाळण्याच्या काळात अंडी घालत नाही. बारापैकी चारच पिल्ले निघाली, तर आठ अंड्यांबरोबर त्या कोंबडीचे दोन-तीन महिनेही वाया जातात.

फलित अंडे

कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते. मात्र अशा अंड्यातून पिल्लू निघत नाही. किराणा दुकानात मिळणारी पांढरी अंडी पिंजऱ्यातील व्यावसायिक कोंबड्यांची असतात. तेथे कोंबडा ठेवलेलाच नसल्याने ती उबवणीस निरुपयोगी होत.

फलनासाठी आठ ते दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा पुरतो. कोंबडीच्या शरीरात शुक्राणू टिकून राहत असल्याने एका संयोगानंतर साधारण दोन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. याचा व्यवहारातील अर्थ असा की, नव्या जातीचा कोंबडा आणल्यावर लगेच मिळालेली अंडी जुन्या कोंबड्याचीही असू शकतात. जातीची खात्री हवी असेल, तर जुना कोंबडा काढून टाकल्यावर तीन आठवडे थांबणे योग्य. एकाच घरातील कोंबडा पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यास सपिंड पैदास होऊन उबवणक्षमता घटते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या गावातील कोंबडा आणावा.

ताजे अंडे फलित आहे की नाही, हे बाहेरून ओळखता येत नाही. उजेडापुढे धरूनही नाही. खात्रीचा उपाय म्हणजे त्याच कळपातील दोन-तीन अंडी फोडून पाहणे. फलित अंड्याच्या पिवळ्या बलकावर सुमारे चार मिलिमीटरचा, कडेला स्पष्ट गोल वलय असलेला पांढरट ठिपका दिसतो. अफलित अंड्यातील ठिपका लहान, गच्च पांढरा व वेड्यावाकड्या कडांचा असतो. फोडलेली अंडी खाण्यास चालतात, त्यामुळे ही परीक्षा महाग पडत नाही.

अंड्याचे वय व साठवण

निवडीच्या सर्व कसोट्यांत अंड्याचे वय ही सर्वांत महत्त्वाची, आणि घरोघरी सर्वाधिक दुर्लक्षित कसोटी आहे. घातल्यापासून सात दिवसांच्या आतील अंडी उबवणीस उत्तम. त्यानंतर उबवणक्षमता दिवसागणिक घटत जाते आणि दोन आठवड्यांनंतर ती फारच कमी राहते.

गावठी कोंबडी एका खेपेस साधारण १२ ते १५ अंडी घालते. मधले खाडे धरता त्यांना अडीच-तीन आठवडे लागतात आणि मग ती खुडूक बसते. आली तशी अंडी टोपलीत साठवून सर्वच्या सर्व तिच्याखाली ठेवण्याची पद्धत रूढ आहे. तीत पहिली पाच-सहा अंडी बसवणीच्या दिवशीच शिळी झालेली असतात. यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी, आरंभीची अंडी खावीत किंवा विकावीत आणि शेवटच्या आठवडाभरातील अंडी उबवणीस ठेवावीत. दोन-तीन कोंबड्या एकाच सुमारास अंडी घालत असतील, तर त्यांची ताजी अंडी एकत्र करून एका चांगल्या खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात. मध्यम बांध्याच्या गावठी कोंबडीला १० ते १२ अंडी नीट झाकता येतात. त्याहून अधिक ठेवल्यास कडेची अंडी गार पडतात, आणि कोंबडी अंड्यांची जागा सतत बदलत असल्याने हे नुकसान एकदोन अंड्यांपुरते राहत नाही.

वयाइतकाच उष्णतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. फलित अंडे बाहेर पडते तेव्हाच त्यातील भ्रूणाची वाढ सुरू झालेली असते. तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खाली असल्यास ती स्थगित राहते व पुढे ऊब मिळताच पुन्हा चालू होते. साठवणीसाठी १२ ते १८ अंश तापमान व ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता योग्य मानतात. जालना जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या अंड्यात भ्रूण दिवसा थोडा वाढतो, रात्री थबकतो, आणि अशा तुटक वाढीने बसवणीपूर्वीच मरतो. अंडे बाहेरून ठणठणीत दिसते. उन्हाळ्यातील अपयशाचे खापर पुष्कळदा कोंबडीवर फोडले जाते. खरे कारण बहुधा साठवणीत असते.

फ्रिज नसलेल्या घरात मातीचे मडके उपयोगी पडते. सावलीच्या जागी ओल्या वाळूत मडके अर्धे पुरून, आत कोरडा भुसा किंवा कापड घालून त्यावर अंडी ठेवतात आणि तोंडावर ओले फडके बांधतात. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतील हवा थंड राहते. अंडी मात्र भिजू देऊ नयेत. फ्रिजचे नेहमीचे चार-पाच अंश तापमान उबवणीच्या अंड्यांना अति थंड असते. अंड्याचे रुंद टोक वर ठेवावे, कारण हवेची पोकळी त्या टोकाला असते. या भागात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उबवणीस सर्वांत अनुकूल असतो.

आकार, वजन व कवच

अंडे कळपाच्या मानाने मध्यम असावे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. म्हणून फार लहान अंड्यातील पिल्लू दुबळे निघते. अतिमोठ्या अंड्यात दोन बलक असण्याचा संभव असतो व त्यातून सहसा पिल्लू निघत नाही. सुधारित जातींसाठी ५० ते ६० ग्रॅमचे अंडे पसंत करतात. गावठी अंडे मुळातच लहान असल्याने त्याला हे माप लावू नये. अंड्याची रुंदी लांबीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असावी. गोल, लांबोडकी, मध्ये आवळलेली किंवा दोन्ही टोके सारखी असलेली अंडी वगळावीत. पिल्लू बाहेर येण्याआधी रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत श्वास घेते. बेडौल अंड्यात त्याची स्थिती बिघडते.

कवच गुळगुळीत व सारख्या जाडीचे असावे. त्यावरील हजारो सूक्ष्म छिद्रांतून हवेची देवाणघेवाण होते व पाण्याची वाफ बाहेर जाते. उबवणीच्या पहिल्या १८ दिवसांत अंड्याचे वजन १२ ते १३ टक्क्यांनी घटणे अपेक्षित असते. पातळ कवचातून याहून अधिक पाणी जाते व पिल्लू आतील पडद्याला चिकटते. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवच पातळ होते. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवल्यास कॅल्शियमची उणीव भरून निघते. केसासारखी बारीक तडा ओळखण्यासाठी दोन अंडी एकमेकांवर हलकेच वाजवावीत. अखंड अंड्याचा नाद खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. तपकिरी अंडे पांढऱ्यापेक्षा सरस, असे काही नाही.

स्वच्छता

अंड्यावर जिवाणूंना रोखणारे नैसर्गिक लेपन असते. अंडे धुतल्यास ते निघून जाते, आणि थंड पाण्यात अंड्यातील द्रव आकसून बाहेरची घाण छिद्रांवाटे आत ओढली जाते. म्हणून उबवणीचे अंडे धुऊ नये. किंचित मळ कोरड्या फडक्याने किंवा बारीक पॉलिश कागदाने पुसावा. विष्ठेने माखलेले अंडे निवडूच नये. ताजेपणासाठी अंडे पाण्यात सोडून पाहण्याची रीत स्वयंपाकघरात ठीक आहे, उबवणीच्या अंड्यांना ती वर्ज्य होय.

कोणत्या कोंबडीची अंडी?

अंडी देऊ लागलेल्या तलंगेची पहिल्या काही आठवड्यांची अंडी लहान असतात, ती टाळावीत. आजारी कोंबडीची अंडी घेऊ नयेत. साल्मोनेला जिवाणूमुळे होणारी पिल्लांची पांढरी हगवण अंड्यावाटे पुढील पिढीत जाते. याउलट, राणीखेतची लस दिलेल्या कोंबडीकडून पिल्लाला बलकावाटे काही दिवसांचे संरक्षणही मिळते.

गिरीराज, वनराज यांसारखे पक्षी संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून निघणारी पुढील पिढी गुणांत एकसारखी राहत नाही आणि या माद्या सहसा खुडूकही बसत नाहीत. कडकनाथ शुद्ध जात असली, तरी तिची मादी उबवणीस कमी पडते. तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवतात. खात्रीची अंडी व पिल्ले मिळण्यासाठी पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. घनसावंगीला यांतले शेवटचे जवळचे. जालन्याजवळील खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. आठवडी बाजारातील अंड्यांचे वय कळत नसल्याने ती जोखमीची ठरतात. मोटारसायकल किंवा एसटीतून आणलेली अंडी बसवण्यापूर्वी १२ ते २४ तास रुंद टोक वर ठेवून स्थिर राहू द्यावीत.

समजुती

टोकदार अंड्यातून नर व गोलसर अंड्यातून मादी निघते, ही समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती जुनी आहे, इतकेच तिच्याविषयी म्हणता येते. ॲरिस्टॉटलने लांबट व टोकदार अंड्यातून मादी निघते असे लिहिले, तर रोमन लेखक कोलुमेलाने नेमके उलट. पिल्लाचे लिंग कोंबडीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, आणि अंड्याच्या आकारावरून ते कळत नाही.

बसवणीनंतरची तपासणी

सातव्या दिवशी रात्री अंधारात विजेरीपुढे अंडे धरून निवडीची दुसरी फेरी करतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर भ्रूण जिवंत आहे. आरपार स्वच्छ दिसणारे अंडे अफलित. केवळ रक्ताचे कडे दिसणारे मृत. अशी अंडी काढून घ्यावीत, अन्यथा ती नासून फुटतात व शेजारच्या अंड्यांना दूषित करतात. यंत्रात हे विशेष घातक असते.

बाविसाव्या दिवसानंतर राहिलेली अंडी उघड्यावर फोडून पाहिल्यास पुढील खेपेच्या निवडीस मदत होते. बहुतेक अंडी अफलित निघाली, तर दोष कोंबड्यात किंवा त्याच्या संख्येत असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांतच मेलेले भ्रूण अधिक असतील, तर अंडी शिळी होती किंवा उन्हात तापली होती. पूर्ण वाढून आतच मेलेली पिल्ले मात्र अंड्याच्या निवडीपेक्षा शेवटच्या दिवसांतील ओलाव्याशी किंवा कोंबडीच्या आहाराशी अधिक संबंधित असतात. प्रत्येक अंड्यावर लिहिलेली तारीख येथे पुन्हा उपयोगी पडते.