विटेवरचे पाऊल : घरातल्या मांजराच्या इतिहासाविषयी

सिंध प्रांतातील चन्हुदडो येथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. हडप्पा संस्कृतीच्या या गावात मणी घडविण्याची कार्यशाळा सापडली, मुद्रा सापडल्या, भाजक्या विटांची घरे सापडली. त्याच विटांत एक वीट अशी होती की जिच्यावर मांजराच्या पावलाचा ठसा होता आणि त्याला किंचित छेदून गेलेला कुत्र्याच्या पावलाचा ठसा होता. वीट ओली असताना, उन्हात वाळत पडलेली असताना, मांजर तिच्यावरून पळाले आणि पाठोपाठ कुत्रे धावले. ठशांच्या खोलीवरून दोघेही वेगात होते असा तर्क मॅके यांनी केला. मांजर त्या कुत्र्याच्या तावडीतून सुटले की नाही, हे वीट सांगत नाही.

पाऊल आणि वीट हे शब्द एकत्र आले की मराठी वाचकाला पंढरपूरच आठवणार. पण ही वीट कोणी भक्ताने पुढे सारलेली नव्हती आणि तिच्यावर उमटलेले पाऊल क्षणभरही तेथे थांबले नाही. तरीही ते चार हजार वर्षांहून अधिक काळ टिकले. ते मांजर पाळलेले होते की रानातून आलेले, हे सांगता येत नाही. वस्तीत त्याचा वावर होता एवढे मात्र निश्चित. मांजराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला हाती लागणारा पुरावा बहुधा याच जातीचा असतो, असे आम्हांला वाटते. तो कोणी हेतुपुरस्सर ठेवलेला नसतो. दुसरेच काही घडवीत असताना तो चुकून उमटलेला असतो.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. त्या घरात चौदा वर्षे एक मांजर होते. या निमित्ताने आम्ही आपल्या ग्रंथपरंपरेत मांजर शोधू लागलो, तेव्हा जे हाती आले त्याने आम्ही काहीसे खजील झालो. ग्रंथांतले मांजर आणि आमच्या घरातले मांजर यांची ओळख पटेना.

ग्रंथांतले मांजर हा मुख्यतः एक आरोप आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला जो निरोप धाडतो, त्यात गंगाकाठी हात उंचावून तप करणाऱ्या मांजराची गोष्ट आहे. उंदीर त्याच्यावर विश्वासतात आणि एकेक करून नाहीसे होतात. सातव्या शतकातील मामल्लपुरमच्या भव्य शिल्पपटावर हेच मांजर एका पायावर उभे आहे आणि त्याच्या भोवती उंदीर जमले आहेत. पंचतंत्रातील दधिकर्ण न्यायाधीशाचे सोंग आणतो. हितोपदेशातील दीर्घकर्ण जरद्गव नावाच्या आंधळ्या गिधाडाचा विश्वास संपादन करतो, पिले खातो आणि मरण मात्र गिधाडाच्या वाट्याला येते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दांभिक माणसाला ‘बैडालव्रतिक’ अशी संज्ञाच दिली आहे. व्याकरणही या बाबतीत मागे नाही. ज्यांचे वैर शाश्वत असते त्यांच्या समासाचा एक नियम पाणिनीने सांगितला आहे आणि काशिकावृत्तीत त्याचे उदाहरण म्हणून ‘मार्जारमूषकम्’ हा शब्द येतो. अमरकोशाने मांजराला दिलेल्या पाच नावांपैकी एक ‘आखुभुक्’, म्हणजे उंदीर खाणारा. शांतिपर्वातील लोमश मांजर आणि पलित उंदीर यांची कथा तेवढी निराळी वाटते, कारण तेथे उंदीर मांजराचे जाळे कुरतडून त्याचा जीव वाचवतो. पण ती आपद्धर्माची, राजनीतीची कथा आहे. संकट सरताच मैत्री संपते आणि पलित पुन्हा जवळ जाण्यास नकार देतो.

या सर्व कथांत मांजर बघणारा माणूस कोठे उभा आहे, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. तो बाहेर उभा आहे. मांजर मांडीवर येऊन बसते तेव्हा त्याचे वजन किती असते, थंडीच्या दिवसांत ते पायथ्याशी कसे गोळा होऊन निजते, हे त्याला ठाऊक असले तरी लिहिण्याजोगे वाटलेले नाही. रूपकाला प्राण्याचा स्वभाव लागतो, सहवास लागत नाही.

मात्र याच ग्रंथांत नकळत उमटलेली पावलेही आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्याच अध्यायात अनध्यायाचे नियम येतात. त्यांत असे सांगितले आहे की गुरू आणि शिष्य यांच्या मधून मांजर, बेडूक, कुत्रा, साप, मुंगूस, उंदीर यांपैकी कोणी गेले तर एक अहोरात्र अध्ययन बंद ठेवावे. नियम सहसा वारंवार घडणाऱ्या गोष्टीसाठी केला जातो. म्हणजे पाठ चालू असताना मांजर मधून जात असे, आणि त्याला हाकलून दार लावून घेण्यापेक्षा एक दिवस पाठ बंद ठेवणे सोपे होते! मांजर आडवे जाण्याविषयीच्या आपल्या समजुतीला जे गांभीर्य आहे, त्याच्या जवळच कोठेतरी हा नियम उभा असावा. परंतु याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात मांजर मारल्याचे प्रायश्चित्त शूद्राला मारल्याच्या प्रायश्चित्ताइतकेच सांगितले आहे. त्या वाक्यात मांजराची किंमत वाढलेली नाही, माणसाची घटवलेली आहे. मांजराविषयी कोमल शब्द शोधत ग्रंथ चाळणाऱ्या आम्हांला हेही दिसले आणि ते दडवून पुढे जाता येत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील मांजर याहून व्यवहारी आहे. उंदरांचा उपद्रव वाढल्यास मांजरे आणि मुंगसे सोडावीत, आणि त्यांना पकडणाऱ्याला वा इजा करणाऱ्याला बारा पण दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. येथे मांजर जवळजवळ राज्याच्या चाकरीत आहे. या विचाराला पुढे आपल्या मातीत एक विलक्षण जोड मिळाली. प्लेगच्या काळात अमरावतीला असलेले सरकारी डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी ज्या गावांत मांजरे अधिक तेथे प्लेग कमी असे मत मांडले, आणि १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याविषयी लिहिले. मांजरालाही प्लेग होतो व त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो, हे आज आपण जाणतो. त्यामुळे तो उपाय वाटला तितका निर्धोक नव्हता. पण वऱ्हाडातल्या घरांतील मांजरांची दखल वैद्यकाच्या कागदांवर घेतली गेली ती अशी, उंदरांच्या निमित्ताने.

मांजर माणसाकडे आले तेही उंदरांच्याच निमित्ताने. धान्याची साठवण सुरू झाली, उंदीर आले, उंदरांमागून पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील रानमांजर वस्तीशी सलगी करू लागले. तथापि सायप्रस बेटावर माणसाच्या थडग्याशेजारी, हातभर अंतरावर, जाणीवपूर्वक पुरलेले एक मांजर सापडले आहे. ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे असून २००४ साली ते अभ्यासकांसमोर आले. त्या मांजराला जवळ ठेवणाऱ्याच्या मनात केवळ धान्याचा हिशेब होता, असे मानणे आम्हांला जड जाते.

मग आपल्याकडे हे ‘जवळ ठेवणे’ कोठे शोधावे? आम्हांला वाटते, ते माजघरात आणि स्वयंपाकघरात शोधावे लागेल. आपल्या म्हणी पाहा. ‘शिंक्याचे तुटले, बोक्याचे फावले’ या म्हणीत जुन्या स्वयंपाकघराची रचनाच आली आहे. आढ्याला टांगलेले शिंके, त्यात दूध-दह्याची मडकी, आणि खाली आशाळभूतपणे वर पाहणारा बोका. पुढे शिंक्याची जागा जाळीच्या कपाटाने घेतली आणि जाळीच्या कपाटाची फ्रिजने. फ्रिज आला आणि गृहिणी व मांजर यांच्यातले पिढ्यान्‌पिढ्यांचे ते भांडण संपले. भांडणाबरोबर एक संवादही संपला. ‘मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत’ ही म्हण तर मांजर घरात व्यालेले, तिने मानगुटीला धरून पिले उचललेली जिने जवळून पाहिली तिचीच असणार. पिले सात घरे फिरतात हे तिला माहीत होते. ‘उंदराला मांजर साक्ष’ यात ग्रंथांतला आरोप आहे खरा; पण दातांच्या म्हणीत तेच दात आईचे झाले आहेत.

बंगालमध्ये षष्ठी देवीचे वाहन मांजर आहे. तिच्या व्रतकथेत घरची धाकटी सून चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. मांजर देवीकडे गाऱ्हाणे नेते. सुनेची मुले जन्मताच नाहीशी होऊ लागतात, आणि ती मांजराची क्षमा मागते तेव्हाच परत मिळतात. आपली सटवाई ही याच षष्ठीची बहीण. मुलाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाणारी. आपल्याकडे तिच्याबरोबर मांजर आले नाही, पण ती बंगाली कथा आम्हांला महत्त्वाची वाटते. पोथीने मांजरावर आरोप केला. व्रतकथेने तो आळ होता असे सांगितले. पोथी लिहिणारे पुरुष होते आणि ही कथा बायकांनी बायकांना सांगितलेली आहे, हा योगायोग नसावा. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते, ही आपल्याकडची घरोघरची समजूतही त्याच बाजूची. तो धाक लहान मुलांच्या हातातला दगड खाली ठेवण्यासाठी होता.

भाषाही काही सांगते. ‘मार्जार’ शब्दाच्या मुळाशी ‘मृज्’ हा धातू आहे, म्हणजे स्वच्छ करणे. स्वतःला चाटूनपुसून लख्ख ठेवणारा प्राणी, हे नाव मात्र घरात बसून पाहिलेले आहे. त्यातून मराठीचे ‘मांजर’ आले आणि ते नपुंसकलिंगी झाले. हिंदीने हे लिंग टाकून दिले. मराठीने ठेवले, आणि पिल्लू, वासरू, कोकरू, लेकरू अशा शब्दांतून त्याला मायेचा एक ओलावा दिला. ‘ते मांजर’ या शब्दप्रयोगात त्या मायेचा काही अंश आहे, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. घरात मात्र ते ‘ते’ राहत नाही. ‘मने’ अशी हाक आली की ती ‘ती’ होते आणि घरातल्या माणसांच्या क्रियापदांत सामील होते. मनी रुसली, मनी जेवली, मनी आज आलीच नाही. ही हाक बोलण्यातली आहे, लिखाणातली नव्हे. तिचा इतिहास लिहिण्यास कागद नाही, ही खरी अडचण आहे.

इतरत्र तो कागद आहे. जपानचा सम्राट उदा याने इ. स. ८८९ मध्ये आपल्या रोजनिशीत वडिलांकडून मिळालेल्या काळ्या मांजराचे वर्णन केले आहे; त्याला रोज सकाळी तो दुधाची पेज देई. त्याच नवव्या शतकात युरोपात राहणाऱ्या एका आयरिश भिक्षूने आपल्या अभ्यासाच्या वहीत पांगुर नावाच्या मांजरावर कविता लिहिली. तो अर्थ शोधतो, मांजर उंदीर शोधते. दोघेही एकाच खोलीत आपापल्या कामात मग्न आहेत. नात्सुमे सोसेकीने १९०५-०६ मध्ये मांजराच्या मुखाने एक कादंबरी लिहिली. तिला कारण झालेले त्याच्या घरचे मांजर १९०८ साली गेले, तेव्हा त्याने स्नेह्यांना मृत्यूची वार्ता कळविणारी पत्रे धाडली. सम्राट, भिक्षू आणि प्राध्यापकी केलेला कादंबरीकार, तिघेही लिहिणारे पुरुष. घरातल्या मांजरावरची माया कागदावर उतरवण्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही.

येथवर लिहून झाल्यावर आम्हांला स्वतःकडे पाहणे भाग आहे. आमची मनी गेल्या श्रावणात गेली. तिला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसण्याची सवय होती. तपासून झालेल्या गठ्ठ्यावर ती कधी बसली नाही, न तपासलेल्यावरच बसे. घरात सर्वांत अधिक ती बोले आईशी, किंवा आई तिच्याशी. आईचे दुपारचे बोलणे आम्ही दोघे महाविद्यालयात असताना होत असे, त्यामुळे त्यातले फारच थोडे आम्ही ऐकले आहे. मनी गेल्यावर चार-पाच दिवस आईने संध्याकाळी बशीत दूध ओतले आणि रात्री स्वतःच ते उचलून ठेवले. आम्ही काही बोललो नाही.

मनी गेली त्या दिवशी आम्ही दोघांनीही रजा घेतली. मनूने सांगितलेला अनध्याय आमच्या घरात अशा रीतीने पाळला गेला. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. साहित्य शिकवणाऱ्या आम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारता, त्यात एकच शब्द लिहिला : ‘घरगुती’. ग्रंथकारांनी मांजराचा सहवास लिहिला नाही म्हणून आम्ही वर तक्रार केली आहे. आमच्या हाती कागद आला तेव्हा आम्हीही तो लिहिला नाही. उद्या कोणी त्या अर्जांवरून आमच्या घराचा इतिहास लिहू म्हणेल, तर त्यात मनी सापडणार नाही.

ती सापडेल ती मागच्या दारी. आठ वर्षांपूर्वी तेथल्या ओट्याला नवे सिमेंट केले, त्या दुपारी ती त्यावरून चालत गेली. गवंडी थापी घेऊन ठसे पुसायला निघाला होता. आई म्हणाली, ‘राहू दे रे बाबा, तिचंही घर आहे.’ चार पावले आहेत. पाचवे अर्धवट आहे, कारण तेथे ओटा संपतो.