माळढोकाच्या सरहद्दी

आगगाडी घाटनांदूर ओलांडते, तेव्हां खिडकींतून बालाघाटाचें उघडें पठार दिसतें. अशा माळांस आपण ओसाड म्हणतों. या एका शब्दानें माळढोकाचें जेवढें नुकसान केलें, तेवढें बंदुकीनेंही केलें नसेल. १९७९ सालीं सोलापूर व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठीं ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. गांवें, शेतें सारीं त्यांत आलीं. लोकांचा रोष ओढवला. आणि २०१२ सालीं तें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. रेघ ओढणारांस पक्षी कळला होता, माणूस कळला नव्हता.

पक्ष्यास तर कोणतीच रेघ ठाऊक नाहीं. राजस्थानचा माळढोक पाकिस्तानांत उतरतो आणि तेथें त्याची शिकार होते. म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारींत गांधीनगरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत स्थलांतरित प्राण्यांच्या पहिल्या परिशिष्टांत त्याचें नांव घातलें गेलें. त्याआधीं, २०१९ सालीं, जैसलमेरजवळ सम येथें अंडीं उबविण्याचें केंद्र निघालें. हुबारा पक्ष्यांच्या पैदाशींत मुरलेल्या अबू धाबीच्या संस्थेनें त्यास साहाय्य केलें.

परंतु अंडीं उबवावयाचीं, तर तीं घालणारे पक्षी हवेत. सोलापूरजवळच्या नान्नज येथें आतां एखादी मादी दिसली, तरी तिची बातमी होते.