मातीच्या किल्ल्यातली वाट

दिवाळीची सुट्टी लागली, की पोलादपुरात अंगणाअंगणांत दगड, विटा आणि चिखल गोळा होऊ लागतो. मुले किल्ला करतात. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोके पाडलेल्या पट्ट्यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. पुढे तेच मेकॅनो म्हणून जगभर गेले. आमचा मेकॅनो म्हणजे लाल माती. आमच्या घरी दिवाळी नसे, पण किल्ला असे. अब्बा स्वतः भाताची रिकामी गोणी काढून द्यायचे.

डोंगर रचणे सोपे. दगडांवर ओले गोणपाट, त्यावर माती, मातीत अळीव. अवघड असते ती वाट. लहान मूल पायथ्यापासून दरवाजापर्यंत सरळ रेघ ओढते. मग शेजारचा पोरगा विचारतो, "अरे, शत्रूपण इथूनच येईल की!" इतिहास खरा इथे सुरू होतो. सनावळ्या पाठ करून तो सुरू झालेला मी तरी पाहिला नाही.

उत्तर जवळच आहे. आंबेनळी घाट चढला की प्रतापगड, महाडकडे गेले की रायगड. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून घेतलेल्या रायरीवर हिरोजी इंदुलकरांनी राजधानी उभारली, १६७४ मध्ये तिथे राज्याभिषेक झाला. तिथला महादरवाजा आठवा. अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. दोन बुरूज पुढे येऊन त्याला कवेत घेतात आणि वाट त्यांच्यामधून वळत आत शिरते. हीच गोमुखी रचना. दरवाजाच दिसत नाही, तर तोफ डागायची कशावर? हत्तीला धडक मारायला धाव घ्यावी लागते, तेवढी सरळ जागाच नाही. आणि वळणावर अडकलेल्यांवर बुरुजावरून मारा.

अशी वाट करणारे मूल घटकाभर किल्लेदार होते, घटकाभर शत्रू. शिवाय आपल्या माणसांनाही वर यायचे असते. आम्ही एकदा इतकी वळणे घातली, की आमचीच मातीची गवळण खाली अडकली! हिरकणीची गोष्ट दंतकथा असेलही, पण तिच्यात मेख आहे. दरवाजे बंद असताना एक आई कडा उतरते, म्हणजे तिथून कुणी चढूही शकेल. म्हणून तिथे बुरूज.

२०२५ मध्ये रायगड, प्रतापगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंदच आहे. पण बाजारात आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, दरवाजा समोरच रंगवलेला. गेल्या दिवाळीत आमच्या आळीतल्या दोन मुलींनी असाच एक किल्ला आणला आणि पुढे मातीचे दोन बुरूज चढवून तो दरवाजा झाकून टाकला.