पदव्यांचीं आद्याक्षरें

लोणावळ्याहून नागफणीच्या सुळक्याकडे जातांना कुरवंडे गांव लागतें. वस्ती मागें पडली म्हणजे थोड्याच अंतरावर घाटमाथा संपतो आणि खालीं कोंकण पसरलेलें दिसतें. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं तेथें दोन दिवस राहण्याचा योग आला. त्यांची कन्या पुढील सालीं महाविद्यालयांत जावयाची. तिनें आपला अर्ज आमच्यापुढें ठेविला. बहुमानांच्या रकान्यांत तिनें लिहिलें होतें : ‘एन्. एम्. एम्. एस्.; जि. वि. प्र. द्वि.; रा. से. यो. उ. स्व.’ आम्हीं अर्थ विचारला, तेव्हां ती म्हणाली, ‘काका, जागा एवढीशीच आहे, आणि हें सर्वांना कळतें.’ हें खरोखर सर्वांना कळतें काय? आम्हीं तिला उत्तर दिलें तें तिच्याच गांवच्या इतिहासापासून आरंभ करून. तेंच येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

इ. स. १६६१ च्या फेब्रुवारींत शाहिस्तेखानानें पाठविलेली मोंगल फौज याच कुरवंड्याच्या घाटानें कोंकणांत उतरली. खालीं उंबरखिंडीच्या अरण्यांत शिवाजी महाराजांनीं तिची पुढची व मागची वाट रोधिली, आणि सेनापतीस शरण येऊन, खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. या फौजेंतील दोन नांवें इतिहासांत राहिलीं, कारतलबखान आणि रायबागन. परंतु विचार केला तर हीं नांवें नव्हेतच. या पदव्या आहेत. ‘कारतलब’ म्हणजे काम मागून घेणारा. रायबागन म्हणजे राजव्याघ्री. माहूरच्या देशमुख घराण्यांतील सावित्रीबाई या शूर स्त्रीस ही पदवी औरंगजेबानें दिली. शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला खानास तिनेंच दिला. पण तिचें सावित्रीबाई हें नांव आज किती जणांच्या ओठीं आहे?

खानाची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. या लढाईनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं बंगालच्या दिवाणगिरीवर जाणाऱ्या एका अधिकाऱ्यास औरंगजेबानें हीच ‘कारतलबखान’ पदवी दिली. तोच पुढें मुर्शिदकुलीखान म्हणून प्रसिद्धीस आला आणि मुर्शिदाबाद शहरास त्याचें नांव मिळालें. तेव्हां साल व स्थळ न सांगतां कोणी नुसतें ‘कारतलबखान’ म्हटलें तर कुरवंड्याचा घाट उतरलेला कीं बंगालचा, हें कसें ठरवावें? पदवी पूर्ण लिहिली असतांही हा घोंटाळा. मग तिचीं केवळ आद्याक्षरें लिहिलीं तर काय होईल?

यावर कोणी म्हणेल कीं, संक्षेप हा आपल्या पूर्वजांचाही परिपाठच होता. होता हें खरें. पण तो कोणत्या जागीं होता हें पाहिलें पाहिजे. मोडी पत्रांत ‘राजमान्य राजश्री’ चें ‘रा. रा.’ होई, ‘वेदशास्त्रसंपन्न’ चें ‘वे. शा. सं.’ होई, आणि चांद्र तिथीपूर्वीं नुसता ‘छ’ लिहिला म्हणजे काम भागे. लिहिणारा आणि वाचणारा हे दोघेही एकाच दफ्तराच्या शिस्तींत वाढलेले असत, म्हणून तें चाले. ती शिस्त मोडल्यावर हेच ‘छ’ लावतांना नवशिक्या अभ्यासकाची कशी त्रेधा उडते, हें मोडी शिकविणाऱ्यांस विचारावें. शिवाय कारकून संक्षेप करी तो मायन्याचा, म्हणजे प्रत्येक पत्रांत येणाऱ्या ठराविक शब्दांचा. खतपत्रांत रक्कम लिहावयाची वेळ आली कीं ती अंकीं लिहून पुन्हा अक्षरी लिहिण्याची चाल पडली. जेथें हक्क, पैसा व अब्रू गुंतलेली, तेथें शाईची काटकसर नाहीं.

इंग्रजी विद्येबरोबर अक्षरांची दुसरी माळ आली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व त्याचे पहिले बी. ए. १८६२ सालीं बाहेर पडले. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे ते चौघे. हीं दोन अक्षरें पुढें घरोघर समजूं लागलीं, म्हणून आजही तीं तशींच लिहावीं. परंतु सर्वच अक्षरांचें भाग्य सारखें नसतें. विश्वेश्वरय्यांनीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून १८८३ सालीं जी मोठ्या यशानें मिळविली, ती ‘एल्. सी. ई.’ ही स्थापत्यशास्त्राची परीक्षा आजच्या पदवीधराला ओळखतां येईल काय? ‘व्ही. सी.’ म्हटलें कीं आम्हां अध्यापकांच्या डोळ्यांपुढें कुलगुरु उभे राहतात. आणि रायगड जिल्ह्यांत तींच अक्षरें नाईक यशवंत घाडगे यांचीं आहेत, ज्यांनीं १० जुलै १९४४ रोजीं इटलींतील रणांगणावर प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला.

खुद्द कुरवंड्याच्या वाटेवर याहून गमतीचें उदाहरण आहे. तेथील आरमारी शिक्षणसंस्था १९४५ सालीं ‘एच्. एम्. आय्. एस्. शिवाजी’ या नांवानें सुरू झाली. देश प्रजासत्ताक झाल्यावर ती ‘आय्. एन्. एस्. शिवाजी’ झाली. या अक्षरांची नुसती फोड केली तर ‘भारतीय नौदलाचें जहाज’ असा अर्थ निघतो, आणि अनोळखी मनुष्य सह्याद्रीच्या माथ्यावर जहाज शोधूं लागेल! म्हणजे पुष्कळदां अक्षरें सोडवूनही भागत नाहीं. वस्तु काय आहे हेंही सांगावें लागतें.

हें सारें आम्हीं त्या मुलीस सांगितलें, त्याला एक खाजगी कारणही होतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयाच्या सवलतींच्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितींत आम्ही होतों. एका अर्जांत ‘एन्. एम्. एम्. एस्.’ एवढेंच लिहिलेलें होतें. संगणकाच्या एखाद्या वर्गाचें प्रमाणपत्र असावें, अशा समजुतीनें आम्हीं तो अर्ज बाजूस ठेविला. पुढें एका शाळेच्या मुख्याध्यापकांकडून कळलें कीं, ही केंद्र सरकारची २००८ सालीं सुरू झालेली ‘नॅशनल मीन्स-कम-मेरिट’ शिष्यवृत्ति. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील, ठराविक मर्यादेहून कमी मिळकतीच्या घरांतील मुलें आठवींत तिची परीक्षा देतात. निवड झालेल्यांस नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या गुणाची आम्ही पारख करावयास बसलों होतों, तोच गुण त्या चार अक्षरांत होता, आणि आम्हांस तो दिसला नाहीं. अज्ञान आमचें होतें. शिक्षा त्या मुलास झाली. ज्यांचीं मुलें या परीक्षेस बसतच नाहींत अशा घरांतले लोक बहुधा अर्ज तपासावयास बसतात, हें आमच्या सुशिक्षित वर्गानें ध्यानांत ठेवावें.

जागेची अडचण खोटी नाहीं. अमेरिकेंतील शेंकडों महाविद्यालयें जो सामाईक अर्ज घेतात, त्यांत पांच बहुमानांस जागा असते व प्रत्येकास अवघीं शंभर अक्षरें. तरीही नियम तोच : जें सर्वांस ठाऊक तें आंखडावें, जें आपणांसच ठाऊक तें पुरतें लिहावें. ‘जिल्हा’ चें ‘जि.’ खुशाल करावें. बहुमानाच्या नांवाचें करूं नये. तो कोणीं दिला, कोणत्या सालीं, आणि शाळेचा, जिल्ह्याचा कीं राज्याचा, हें सांगावें. एवढ्यानेंही जागा पुरली नाहीं तर हलका बहुमान गाळावा. मोठ्याचा गळा आवळूं नये.

मुलीनें कागद पुन्हा घेतला. शिष्यवृत्तीचें नांव, वर्ष व परीक्षा लिहिल्यावर, आणि ‘जि. वि. प्र. द्वि.’ च्या जागीं ‘जिल्हा विज्ञान प्रदर्शनांत दुसरा क्रमांक’ असें लिहिल्यावर, राष्ट्रीय सेवा योजनेंतील ‘उत्कृष्ट स्वयंसेविका’ हा तिसरा बहुमान मावेना. तिला वाईट वाटलें. आम्हीं म्हटलें, ‘तो जाऊं दे. दोन वाचले जातील. पहिल्या कागदावरचा एकही कोणाला वाचतां आला नसता.’