काळ्या बाणाची पांढरी कड
१९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा माउसचा कर्सर अवघ्या १६ बाय १६ ठिपक्यांत बसवावा लागे. प्रत्येक ठिपक्याला एक बिट, म्हणजे संपूर्ण चित्र ३२ बाइटांचे. पण काळा बाण काळ्या पृष्ठभागावर सरकताच दिसेनासा होणार! म्हणून प्रोग्रामरला तेवढेच दुसरे चित्र द्यावे लागे: मास्क. तो बाणाहून एक ठिपका रुंद ठेवला की भोवती पांढरी कड उमटे. मास्कबाहेरची कोरी जागा पारदर्शक राही. उरलेले ४ बाइट हॉटस्पॉटचे, म्हणजे क्लिक नेमके कोणत्या ठिपक्यावर धरायचे त्याचे. तो चुकला, तर चित्र कितीही देखणे असो, नेम भलतीकडेच लागे. एकूण ६८ बाइट. मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या एकरंगी कर्सरलाही अशीच दोन चित्रांची जोडी लागे.