बंब कोणी पोसायचा?

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण दुसऱ्याच्या गबाळेपणाला हसताना वापरतो. ज्याचे घर जळत असेल त्याला मात्र तीत हसण्यासारखे काही सापडावयाचे नाही. म्हणीतला हा 'बंब' शब्द पोर्तुगीजांच्या 'बोंबा' म्हणजे पंप या शब्दावरून आपल्याकडे आला आणि मराठी घरात चांगलाच रुळला. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी पाणी तापते तोही बंब, आणि रात्री एखाद्या बाणाने कोणाचे छप्पर पेटले की घंटा वाजवीत धावतो तोही बंब. एकाच्या पोटात विस्तव, दुसऱ्याच्या पोटात पाणी! घरातला बंब घरधनी विकत घेतो आणि घासूनपुसून लखलखीत ठेवतो. गावाचा बंब मात्र कोणी घ्यावयाचा, आणि घेतल्यावर कोणी पोसायचा, हा प्रश्न दोन हजार वर्षे माणसाला छळीत आला आहे. त्याचीच ही थोडकी हकीकत.

या प्रश्नाची खोच बंबाच्या स्वभावातच आहे. नांगर शेतात दिसतो, दिवा रस्त्यात दिसतो. बंब मात्र वर्षातले बहुतेक दिवस नुसता उभा दिसतो. उभ्या बंबाला तेल लागते, चाके लागतात, नळ्या लागतात, आणि रात्रीबेरात्री जागी राहणारी माणसे लागतात. हिशेबनिसाच्या नजरेला हा सारा खर्च फुकटच वाटावयाचा. बंब काही उपयोगी न पडता वर्ष गेले तर ते वर्ष उत्तम गेले, असे मानणारा जमाखर्च कोणत्या वहीत बसणार?

प्राचीन रोममध्ये क्रॅसस नावाचा अतिधनाढ्य पुरुष होऊन गेला. त्याची चरित्रकथा प्लूटार्कने लिहिली आहे. कोठे आग लागली की हा गृहस्थ जळते घर आणि शेजारची भेदरलेली घरे पडत्या भावाने विकत घेई. बांधकामात कुशल असे पाचशेहून अधिक गुलाम त्याने पदरी ठेवले होते. दुसऱ्याची आग ही त्याची दुकानदारी होती. पुढे सम्राट ऑगस्टसने इसवी सन 6 मध्ये पहारा करणारे आणि आग विझविणारे सरकारी दल उभारले, आणि त्याच्या खर्चासाठी गुलामांच्या विक्रीवर कर बसविला. कराचे ते मूळ आज अंगावर काटा आणते. पण कायम खर्चाला कायम उत्पन्न हवे, एवढे त्या राज्यकर्त्याला कळले होते.

आपल्या कौटिल्याने दुसरी वाट धरली. 'अर्थशास्त्रा'तल्या नागरिकाच्या प्रकरणात त्याने पगारी दलाची भाषा केली नाही; सारे गावच दल मानले. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा आणि चामड्याची पखाल असावी. उन्हाळ्यात भर दुपारी चूल पेटवू नये. विस्तवावर पोट भरणाऱ्या कारागिरांनी एका बाजूला राहावे. रस्त्यांवर आणि चव्हाट्यांवर पाण्याच्या घागरींच्या रांगा मांडून ठेवाव्यात, अशी त्याची आज्ञा आहे. आणि आग लागली असता जो घरमालक धावून येणार नाही त्याला बारा पण दंड, भाडेकरूला सहा! हयगयीने आग लावणाऱ्याला चौपन्न. पैशाने नव्हे तर अंगमेहनतीने द्यावयाचा हा करच म्हणावयाचा.

लंडनचा इतिहास आणखी बोधप्रद आहे. 1666 च्या महाअग्नीने ते शहर होरपळले, आणि त्या राखेतून आगीच्या विम्याचा धंदा उगवला. विमा कंपन्यांनी स्वतःच्या पदरी बंब आणि माणसे ठेवली; विमा उतरलेल्या घरांवर आपापली धातूची मुद्रा ठोकली. 1833 साली या कंपन्यांनी आपली दले एकत्र करून जेम्स ब्रेडवुड नावाच्या कर्तबगार माणसाच्या हाती दिली. 1861 साली टूली स्ट्रीटवरच्या वखारींना लागलेल्या आगीत भिंत कोसळून ब्रेडवुड ठार झाला. नुकसान इतके प्रचंड झाले की कंपन्यांनी सरकारला कळविले, 'हे ओझे आता आमच्याने उचलवत नाही.' त्यातून 1865 चा कायदा झाला. घरपट्टीत पौंडामागे अर्धी पेनी, सरकारी खजिन्यातून वर्षाला दहा हजार पौंड, आणि विमा कंपन्यांकडून विम्याच्या दर दहा लाख पौंडांमागे पस्तीस पौंड, अशी तिघांत वाटणी ठरली. ज्याचे घर वाचते तो, ज्याचा पैसा वाचतो तो, आणि ज्याचे राज्य वाचते तो, असे तिघेही एका ओझ्याला खांदा लावून उभे राहिले.

अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने 7 डिसेंबर 1736 रोजी शेजाऱ्यांचे स्वयंसेवी अग्निदल स्थापन केले. सभासद तीस. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचविण्यासाठी पिशव्या व टोपल्या तयार ठेवावयाच्या, आणि महिन्यातून एकदा सभेला जमावयाचे. मौज अशी की, सभेला गैरहजर राहणाऱ्यांकडून जो किरकोळ दंड गोळा होई, त्यातूनच बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले. फ्रँकलिनने आत्मचरित्रात ही गोष्ट समाधानाने नोंदविली आहे. आपल्याकडच्या भिशीला किंवा भजनी मंडळाला ही तऱ्हा अनोळखी वाटू नये. आजही अमेरिकेतल्या अग्निशामकांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वयंसेवकच आहेत. आणि त्यांच्या लहान गावांतली दले न्याहारीच्या पंगती मांडून चार पैसे जमवितात. परंतु बंबाची किंमत पंगतीच्या वेगाने वाढत नाही, ती त्याहून भरधाव वाढते. म्हणून तेथेही कित्येक दले धापा टाकीत आहेत.

आता आपल्या घरी येऊ. 17 फेब्रुवारी 1803 रोजी मुंबईच्या कोटातल्या बाजारपेठेत आग भडकली आणि कोटाचा मोठा भाग भस्मसात झाला. तरीही नियमित दल उभे राहावयास अर्धे शतक जावे लागले. 1855 साली पोलिसांच्या हाताखाली अर्धवेळ व्यवस्था झाली, आणि 1887 च्या एप्रिलपासून हे काम महापालिकेकडे आले. त्या दलाची सत्त्वपरीक्षा 14 एप्रिल 1944 रोजी झाली. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा. कापूस आधी धुमसला, आणि दुपारी चारच्या सुमारास गोदी हादरली. 66 अग्निशामक कर्तव्य करीत असताना गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. बंब पोसावयाचा म्हणजे शेवटी कोणाला पोसावयाचे, ते या आकड्यावरून कळते.

कापूस आणि आग यांचे हे वैर वऱ्हाडाला सांगावयास नको. आजचा वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. पण त्याच्या पेठा जुन्या. त्यांपैकी कारंजा म्हणजे वऱ्हाडातली नामांकित कापूसपेठ. जिनात कापसाबरोबर एखादा खिळा किंवा खडा गेला की ठिणगी उडते. आणि कापसाची गाठ अशी लबाड, की वरून विझलेली दिसते आणि आत दिवसेंदिवस धुमसत राहते. याच कारंज्यात 1886 साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमान्वये देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, आणि 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. इंग्रजाला आपल्या गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता, हा त्यातला स्वार्थ उघड आहे. तथापि एक गोष्ट त्यातून आपल्या लोकांच्या अंगवळणी पडली. सर्वांच्या उपयोगाची व्यवस्था थोड्याथोड्या शुल्कातून, कोणाच्या मेहेरबानीविना, वर्षानुवर्षे चालू शकते.

खरे तर ही अक्कल याहूनही जुनी आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथला राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट 1939 साली प्रसिद्ध झाला. त्यात काय आहे? विद्वान ब्राह्मणांना एका गावाचे उत्पन्न कायमचे तोडून दिल्याची नोंद! देवळातला नंदादीप पिढ्यान् पिढ्या तेवतो, तो कोणी एके दिवशी घागरभर तेल ओतले म्हणून नव्हे; तेलासाठी जमीन लावून दिलेली असते म्हणून. नंदादीपाला जे सुचले ते बंबाला का सुचू नये?

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर आज तरतुदींची वाण नाही. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने आग विझविणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक काम ठरविले. 1992 च्या घटनादुरुस्तीने ते बाराव्या अनुसूचीत बसविले. 2006 च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याने बांधकामांवर अग्निशमन सेवेचे शुल्क घेण्याची मुभा दिली. आणि 2023 साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. परंतु शुल्क येते ते इमारती उठतात तेथे, आणि योजना असते ती मुदतीची. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड, मानोरा या सहा तालुक्यांतल्या खेड्यात सोयाबीनची सुडी किंवा कडब्याची गंजी पेटते, तेव्हा बंब यावयाचा तो तालुक्याच्या गावाहून. तो येईपर्यंत शेतकऱ्याचे वर्ष संपलेले असते. तोवर धावतात ती शेजारची पोरे, फवारणीचे पंप आणि कोणाचा तरी ट्रॅक्टरमागचा टँकर. कौटिल्याचे गाव अजून जिवंत आहे. फक्त त्याच्या हाती आकडा, शिडी आणि नळी देणारा कोणी नाही.

येथे वर्गणीचा विषय निघतोच. गणपतीला, सप्ताहाला, जत्रेला आपण हौसेने वर्गणी देतो, आणि ती द्यावीच. परंतु आगीनंतर जमविलेली वर्गणी ही सांत्वनाची असते, संरक्षणाची नव्हे. दर घरामागे वर्षाकाठी लहानशी पट्टी, बाजार समितीच्या उलाढालीतला कणभर वाटा, धान्य साठविणाऱ्या गोदामवाल्याचा आणि विमा कंपनीचा थोडा अधिक, आणि त्याला सरकारची तेवढीच जोड, असा लंडनी तिढा वऱ्हाडी पद्धतीने सुटण्यासारखा आहे. एकदा वाजतगाजत बंब आणून हार घालणारे दाते पुष्कळ भेटतात. सोळाव्या वर्षी त्याची टाकी गळू लागते, तेव्हा लागणारा पैसा हार घालून येत नाही.

'गाव करी ते राव न करी' असे वडीलधारी सांगत आली. रोमचा कर, लंडनची घरपट्टी, फिलाडेल्फियाचा दंड आणि कारंज्याचे बाजारशुल्क या चार निरनिराळ्या वाटांनी एकच साक्ष दिली आहे. ज्या गावाने शांततेच्या दिवसांत बंबाचा घास बाजूला काढला, त्याच्याच वाट्याला आगीच्या रात्री शेजार आला. या दिवाळीत दारी पणत्या लावताना गृहिणी एक तांब्याभर पाणी जवळ ठेवते. तिने ठेवलेला तो तांब्या म्हणजेच जगातले पहिले अग्निशमन दल. त्याचा खर्च ती कोणाकडे मागत नाही. पण सण येण्याआधी तो भरून ठेवावयास ती विसरतही नाही.